कोणत्या नौकेने जावे?

मध्य रेल्वेने कल्याण सोडून कर्जतच्या दिशेस लागताच जे पहिले स्थानक येते त्या विठ्ठलवाडीचा समुद्राशी काही संबंध असेल, असे तेथील फलाटावर सकाळच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसास सांगितले, तर तो ते थट्टेवारी नेईल. आणि त्यात त्याचा दोषही नाही, कारण कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेल्या वालधुनीखेरीज वाहते पाणी असे त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. परंतु जिच्या काठी अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे तीच ही वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते, उल्हास पुढे खाडीवाटे वसईजवळ सिंधुसागरास मिळते, आणि या जलमार्गाच्या बळावर कल्याण हे एके काळी असे नामांकित बंदर होते की इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात त्याची नोंद झालेली आढळते. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आल्यावर मराठी आरमाराच्या आरंभीच्या युद्धनौका बांधल्या गेल्या त्या याच खाडीत. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी, फाळणीच्या धामधुमीत, कराचीहून आगबोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले सहस्रावधी सिंधी निर्वासित कल्याणच्या रिकाम्या पडलेल्या लष्करी छावणीत आणून वसविण्यात आले, आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तात्पर्य, आमच्या या कोरड्या दिसणाऱ्या उपनगरातील निम्म्याअधिक घरांच्या पूर्वेतिहासात एखादी तरी आगबोट आहेच.

शरद ऋतूत सौभाग्यवती आणि मी अशा उभयतांनी कोकणकिनाऱ्याने जलप्रवास करावा असा बेत आम्ही केला, तेव्हा शेजारच्या एका वयोवृद्ध सिंधी गृहस्थांनी, जे बालपणी आईच्या कडेवरून तो कराचीचा प्रवास करून आले होते, मोठ्या कुतूहलाने विचारले की बोटीत बसून तुम्ही पाहणार काय. ते म्हणाले, आमच्या बोटीवर तर सगळी माणसे एकच गोष्ट पाहत असत, किनारा कधी दिसतो ती. कोणत्या कंपनीच्या नौकेने जावे या प्रश्नाचा पुढे जो खल आमच्या घरात झाला त्याचा निकाल अखेर याच कसोटीवर लागला, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच केला.

ऋतूच्या निवडीविषयी मात्र वाद नव्हता. कोकणच्या दर्यावरील व्यवहार पंचांगाशी बांधलेला आहे. ज्येष्ठात समुद्र खवळला की गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात, दूरच्या बंदरांना जाणाऱ्या प्रवासी आगबोटींची वाहतूक पावसाळाभर बंद राही, आणि नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ अर्पण केल्यावर हळूहळू बंदरे पुन्हा जागी होत. आजही यांत्रिक नौकांच्या मासेमारीस महाराष्ट्र सरकारने घातलेली १ जून ते ३१ जुलै ही बंदी त्याच जुन्या शिस्तीचा कायदेशीर अवतार म्हणावी लागेल. आश्विनात वारा मंदावतो, पाण्याचा गढूळपणा खाली बसतो आणि हवेत शिशिरातील धुके अद्याप आलेले नसते. तथापि शरदाचा समुद्र सर्वस्वी निष्पाप नाही. पावसाळा सरता सरता अरबी समुद्रात चक्रीवादळे उठतात, आणि १९२७ सालच्या नोव्हेंबरातील अशाच एका वादळात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या कोकणकिनाऱ्यावरील दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या, ही हकिगत किनाऱ्यावरील जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकावयास मिळते.

या दोन नावांवरून एक गोष्ट ध्यानी येईल, ती अशी की कोणत्या कंपनीची बोट घ्यावी हा प्रश्न कोकणी माणसास नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते आणि तिचा कारभार किलिक निक्सन या गोऱ्या पेढीच्या हाती होता. तिच्या स्पर्धेत स्वदेशीच्या लाटेवर एक सहकारी कंपनी उभी राहिली. तिने आपल्या बोटींना संतांची नावे दिली आणि लोकांनी त्या कंपनीस ‘माझी आगबोट कंपनी’ असे नाव दिले. त्याच सुमारास दक्षिणेत चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर १९०६ साली स्वदेशी नौकासंस्था काढली, तेव्हा इंग्रज कंपनीने भाडे पाडून तिला जेरीस आणले; आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, त्या ५ एप्रिलचा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून आजही पाळला जातो. अशा काळात गोऱ्यांच्या बोटीचे तिकीट न घेता देशी बोटीसाठी धक्क्यावर ताटकळत बसणे यात एक प्रकारची देशसेवा होती. कंपनीची निवड ही तेव्हा सोयीची बाब नसून निष्ठेची बाब होती.

आमच्यापुढील निवड इतकी उदात्त नव्हती. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही नौका सुरू झाली होती. जपानमध्ये टोकियो आणि दूरच्या ओगासावारा बेटांच्या दरम्यान प्रवासी वाहून झाल्यावर ती इकडे आली होती आणि तीत सुमारे चारशे माणसांचीच सोय होती, परंतु ती आता या मार्गावर धावत नाही. २०१९ साली आलेल्या जलेश कंपनीचे ‘कर्णिका’ हे जहाज पुढच्याच वर्षी टाळेबंदीच्या फेऱ्यात सापडून अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. उरल्या होत्या त्या दोन कंपन्या. पहिली कॉर्डेलिया, जिची ‘एम्प्रेस’ ही नौका २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप व कोची अशा फेऱ्या करू लागली. हे सुमारे ४८,००० टनांचे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले. दुसरी इटलीची कोस्टा, जिने २०२३ च्या नोव्हेंबरपासून ‘सेरेना’ हे १,१४,००० टनांचे प्रचंड जहाज मुंबई आणि कोची यांच्या दरम्यान केवळ भारतीय प्रवाशांसाठी फिरविण्याचे ठरविले होते. त्यांची माहितीपत्रके शेजारी शेजारी मांडली असता भोजनगृहे किती, पोहण्याचे तलाव किती, नाटकशाळा केवढी, यांचा तपशील विपुल होता. नौका किनाऱ्यापासून किती अंतरावरून जाईल आणि कोणते बंदर कोणत्या प्रहरी दिसेल, याविषयी मात्र अक्षर नव्हते.

हा अभाव प्रथम लक्षात आला तो माझ्या नव्हे, सौभाग्यवतींच्या. तिचे माहेर मालवणचे. बालपणी मे महिन्याच्या सुटीत ती आगबोटीने गावी गेलेली. बोट खडकाळ किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी, मग पडाव येऊन भिडत, आणि लाटेच्या उसळीबरोबर पडाव वर आला की खलाशी मुलांना हातोहात खाली घेत, हे सर्व तिच्या स्मृतीत लख्ख आहे. “अहो, जहाज मोठं की लहान हे मागाहून बघू,” ती म्हणाली, “आधी ते थांबतं कुठं ते विचारा.” या प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही कंपन्यांमधील भेद एकदम स्पष्ट झाला, आणि कोकणच्या अंगाने जाऊन गोव्याचे बंदर घेणारी धाकटी नौका, ‘एम्प्रेस’, आम्ही पत्करली.

विठ्ठलवाडीहून लोकलने बोरीबंदर गाठून पुढे बॅलार्ड पियरवर पोहोचल्यावर इतिहासाचा आणखी एक थर दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पूर्ण झालेल्या या धक्क्यास १८७३ साली स्थापन झालेल्या मुंबई बंदर न्यासाचे आद्य प्रवर्तक कर्नल बॅलार्ड यांचे नाव आहे. विलायतेहून येणारे साहेब येथे उतरत आणि लगतच्या रेल्वे फलाटावरून थेट पेशावरच्या गाडीत बसत. कोकणातील चाकरमानी मात्र या धक्क्यावर कधी उतरला नाही. त्याचे बंदर उत्तरेस, भाऊचा धक्का, जो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल या मराठी कंत्राटदाराने एकोणिसाव्या शतकात बांधला. साहेबांच्या धक्क्यावरून कोकणाकडे निघण्याचा योग चाकरमान्यांच्या नातवंडांना आला, ही काळाची उलटापालट सहप्रवाशांपैकी पुष्कळांच्या गावीही नव्हती.

सूर्यास्ताच्या सुमारास टग नौकांनी जहाज धक्क्यावरून ओढून काढले, उजव्या हाताला गेटवे आणि कुलाबा मागे पडू लागले, डाव्या हाताला १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या उंच याऱ्या दिसू लागल्या. याच पाण्यात, रेवसच्या वाटेवर, काशाच्या खडकाजवळ १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. दिव्यांच्या अमावास्येस घरी निघालेले ते चाकरमानी होते, आणि बोट त्याच ‘माझी आगबोट’ कंपनीची होती. मुंबईच्या मुखाशी १८७५ सालचे प्राँग्ज रीफचे दीपगृह मागे पडल्यावर बंदराचा वाटाड्या, ज्यास पायलट म्हणतात, तो जहाजाच्या उंच कुशीवरून दोरखंडाच्या शिडीने उतरला आणि खाली लाटांवर नाचणाऱ्या लहानशा होडीत अचूक पाऊल टाकून परत गेला. वरच्या मजल्यावर वाद्यवृंद सुरू झाला होता, त्यामुळे हे कसब पाहण्यास कठड्याशी आम्ही फार थोडी माणसे होतो. पडावात उतरणाऱ्या जुन्या कोकणी प्रवाशाची कला आता फक्त या एका अधिकाऱ्यापाशी शिल्लक राहिली आहे, असे सौभाग्यवतीचे म्हणणे पडले.

संधिप्रकाशात डावीकडे खांदेरी दिसली. १६७९ साली महाराजांनी या बेटावर तट घालण्यास आरंभ केला तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी हे दोघेही खवळून उठले, कारण मुंबईच्या बंदरात येणाजाणाऱ्या प्रत्येक तारवावर येथून नजर ठेवता येते. सिद्दीने तर शेजारचे उंदेरी बेट व्यापून शह दिला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी या किनाऱ्यावर असा बंदोबस्त ठेवला की त्यांच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजास सुखाने जाणे अशक्य झाले. इंग्रजांच्या दप्तरात त्यांना चाचा म्हटले आहे. परंतु आपल्या सागरात परक्याकडून परवाना मागणारा जर चाचा ठरत असेल, तर पोर्तुगीज जो कर्ताझ नावाचा परवाना शतकभर विकत आले त्यास काय म्हणावे, याचे उत्तर त्या दप्तरात नाही. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे आणि १९९८ साली बेटास कान्होजींचेच नाव देण्यात आले. आमच्या प्रवासानंतर २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच जलमार्गावरील आहेत.

मात्र यांपैकी खांदेरीनंतरचा एकही दुर्ग आम्हांस दिसला नाही. मुंबई ते मुरगाव हे अंतर मोठे जहाज एका रात्रीत कापते. सायंकाळी निघून सकाळी पोहोचावयाचे तर मुरूड, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही सारी नावे निद्रेच्या प्रहरांत येतात. शिवाय इतक्या अवजड नौकेस खडक आणि मच्छीमारांची जाळी टाळून खोल पाण्यातून जावे लागते, म्हणून किनारा क्षितिजाखाली जातो. ही कोणा एका कंपनीची उणीव नव्हे. जहाजाच्या आकाराचा तो धर्मच आहे. मजले वाढले की नौकेचे अर्थकारण आतल्या भोजनगृहांवर व रंगमंदिरावर चालू लागते, बंदर हे तिला उत्पन्नाऐवजी खर्चाचे कलम होते, आणि किनाऱ्याने जाणारी नौका किनाऱ्याकडे पाठ फिरवते.

तरीही रात्र रिकामी गेली नाही. आश्विन वद्यातील उशिरा उगवणाऱ्या चंद्रामुळे पूर्वरात्री अंधार दाट होता आणि त्या अंधारात पूर्वेकडे दीपगृहांचे झोत एकामागून एक उगवत होते. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा काळ वेगळा ठेवलेला असतो, आणि त्या लयीवरून खलाशी स्थान ओळखतो. सौभाग्यवती आकडे मोजून जयगड आले, रत्नागिरी आली, असे अनुमान बांधू लागली. रत्नागिरी हे नाव निघताच मला ब्रह्मदेशचा राजा थिबा आठवला, ज्यास राज्य गमावल्यावर १८८६ साली समुद्रमार्गे येथे आणून ठेवण्यात आले आणि १९१६ साली येथेच ज्याचा अंत झाला. रेल्वे नाही आणि पावसाळ्यात जलमार्गही बंद, असे हे नगर इंग्रज सरकारास राजबंद्यासाठी सोयीचे वाटले होते. ज्या दुर्गमतेने कोकणी तरुणास पोटासाठी गिरण्यांत लोटले तीच सरकारास पहाऱ्यासारखी उपयोगी पडली.

ज्या दृश्याची कल्पनाच नव्हती ते याच वेळी दिसले. किनारा काळोखात बुडालेला असताना समुद्रावर मात्र दिव्यांची वस्ती पसरली होती. शेकडो मासेमारी नौका रांगेने उभ्या होत्या, आणि मधूनच एखाद्या ठिकाणी प्रकाश इतका प्रखर दिसे की तेथे कारखाना चालू असावा असे वाटे. जहाजावर नोकरीस असलेल्या एका रत्नागिरीकडील तरुणाने सांगितले की मासळी दिव्याकडे धावते, म्हणून काही लोक पाण्यावर एलईडीचा झोत सोडून तिला गोळा करतात. केंद्र सरकारने २०१७ साली अशा मासेमारीस बंदी केली आहे आणि महाराष्ट्राने २०१६ पासून पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आहेत; मालवणकडे किनाऱ्यावरून रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यातील तंटा त्याच मुळापासून वाढला आहे. रापणीत गावची माणसे दोर ओढतात आणि मासळीचा वाटा ओढणाऱ्या प्रत्येकास मिळतो. ज्या मासळीने किनाऱ्याजवळ यावयाचे ती बाहेरच अडविली गेली तर या सामाईक वहिवाटीचा आधारच निसटतो. कोकणच्या अर्थव्यवहारातील हा सर्वांत तीव्र कलह आम्ही भोजनगृहाच्या खिडकीतून रोषणाई म्हणून पाहत होतो.

पहाटे मालवण गेले ते असेच, एका उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या रूपाने. १६६४ च्या नोव्हेंबरात ज्याच्या पायाभरणीस प्रारंभ झाला तो सिंधुदुर्ग त्या दिव्याच्या आसपास कोठेतरी होता. सौभाग्यवती काही बोलली नाही. तिने फक्त घड्याळ पाहिले. उजाडले तेव्हा वेंगुर्ल्याचे खडक दृष्टीस पडले. या ओसाड खडकांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात, आणि पूर्वी चीनकडील खवय्यांसाठी त्यांची चोरटी निर्यात होत असे. पलीकडे ज्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती ते बंदर आता शांत आहे. मग रेडी, तेरेखोल, आग्वादचा तट असे क्रमाने दिसत गेले आणि सूर्य वर येतो न येतो तोच झुआरीच्या मुखाशी मुरगाव आले.

मुरगाव बंदराची सारी शान खनिजाची. पोर्तुगीज अंमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी भांडवलाने येथे धक्का आणि रेल्वे बांधली गेली, आणि पुढे लोहखनिज हा गोव्याचा मोठा व्यापार होऊन बसला. प्रवाशांपैकी बरेच जण जहाजावरून उतरलेच नाहीत. जे उतरले ते बहुतेक जुन्या गोव्याच्या चर्चकडे किंवा किनाऱ्यांकडे बसने निघून गेले. आम्ही वास्कोच्या खारीवाड्यावर मासळीचा लिलाव पाहण्यात सकाळ घालविली. बांगड्यांनी भरलेल्या टोपल्यांभोवती उभ्या कोळिणी आकडा बोलून सौदा चुकता करण्याची जी चपळाई दाखवीत होत्या तिच्यापुढे मुंबईच्या शेअरबाजारातील दलालांनी हात टेकावेत. एका वृद्ध बाईने आम्ही बोटीने आलो हे ऐकून विचारले, पणजीच्या धक्क्यावर का लागली नाही तुमची बोट? तिच्या मनात अद्याप चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ याच बोटी होत्या, ज्या मांडवीत शिरून थेट पणजीच्या मध्यभागी लागत असत.

त्या बोटी का गेल्या, याचे कारण सांगावयास फार विद्वत्ता लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग झाला, एसटीच्या गाड्या गावोगाव पोहोचल्या, आणि पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. पावसाळ्याचे कित्येक महिने बंद राहणारे वाहन बारमाही वाहनापुढे टिकणे कठीण होते. परंतु नॉर्वेच्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे हे अटळच होते असे म्हणवत नाही. तेथे १८९३ साली सुरू झालेली किनारी बोट आज बर्गन ते किर्केनेस या मार्गावर चालते, ती ३४ बंदरे घेते, माल वाहते, एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेल्या शेतकऱ्यास नेते आणि त्याच डेकवर परदेशी पर्यटकासही बसविते. २०२१ पासून हा मार्ग हुर्टिग्रूटेन व हाविला अशा दोन कंपन्यांत वाटला गेला आहे. तथापि प्रवाशाने कोणतीही निवडली तरी बंदरे तीच, कारण ती सरकारी करारात लिहिलेली आहेत. कंपन्यांची स्पर्धा तेथे सोयींत चालते. किनारा दाखवावा की नाही हा विषय स्पर्धेचा ठेवलेलाच नाही.

परतीच्या वाटेवर दिवसाचा काही भाग समुद्रात उजेडी गेला, तेव्हा पूर्वेस सह्याद्रीची निळसर रेघ क्षणभर वर येऊन पुन्हा दमट हवेत विरून गेली. उभयतांनी निवांत बोलावे, मुलाबाळांचे फोन लागू नयेत, आणि चहूकडे पाणीच पाणी असावे, एवढीच ज्यांची इच्छा असेल त्या जोडप्यांना या महानौका उत्तम आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणती निवडावी याचा निर्णय त्यांनी माहितीपत्रकावरून खुशाल करावा. ज्यांना किनारा पाहावयाचा असेल त्यांनी मात्र माहितीपत्रकाआधी नकाशा उघडावा आणि कंपनीच्या माणसास तीनच गोष्टी विचाराव्या: बंदरे कोणती घेता, त्यांच्यासमोरून दिवसा जाता की रात्री, आणि तटापासून किती मैल दूर राहता. आज आपल्या किनाऱ्यावर या तिन्ही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर देईल अशी प्रवासी नौका आमच्या आढळात नाही. पण हर्णे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले येथील बंदरे जागच्या जागी आहेत, चार दुर्ग जागतिक वारशात गेले आहेत, आणि नारळी पौर्णिमेपासून पुढच्या ज्येष्ठापर्यंतचा मोसम दरवर्षी रिकामा जात आहे. दिवसाउजेडी बंदरोबंदर थांबत जाणारी दीड-दोनशे माणसांची लहान बोट ज्या कंपनीस सुचेल, तिच्या जहाजास मजले किती आणि भोजनगृहे किती, हे विचारण्याच्या भानगडीत आम्ही उभयता पडणार नाही.